जिन्याखालचं पिल्लू आणि त्याला खाऊ घालणारे

सुरुची शिगवणचा कुत्र्यांवर राग नव्हता. कुत्रं बिचारं पुढ्यात पडेल ते खातं. तिचा राग होता पुढ्यात टाकणाऱ्यांवर, आणि सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या सोसायटीत अशांची काही कमी नव्हती.

पहाटे उठून ती पोळी-भाजी केंद्रावर जायची आणि दुपारपर्यंत पोळ्या लाटायची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोटाची सोय केल्यावर माणूस खाण्याकडे भाबडेपणानं बघत नाही. कोण भुकेनं खातो, कोण जिभेनं खातो आणि कोण नुसता समोर आलंय म्हणून खातो, हे तिला गिऱ्हाईक पुडकं सोडायच्या आत कळायचं. अन्न टाकणाऱ्याइतकाच तिला अन्न लादणाऱ्याचा तिटकारा होता. 'आग्रह' हा शब्द तिच्या तोंडून शिवीसारखा निघायचा.

त्याचं कारण घरातच बसलेलं होतं. तिचा नवरा आत्माराम भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारून मारून निवृत्त झाला होता. माणूस स्वभावानं गोड आणि रक्तानंही. सकाळ-संध्याकाळ तो सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायचा, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या हातावर काहीतरी ठेवून जायचा. कोणाची गाडी आली, कोणाचा नातू पास झाला, कोणाकडे सत्यनारायण होता. "काका, एकानं काय होतंय?" असं म्हणायचं आणि ठेवायचं. आत्मारामला नाही म्हणणं जमत नसे. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. तेव्हा हॉस्पिटलात भेटायला आलेला सोसायटीचा सेक्रेटरी गुणवंत पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून पेढे. सुरुचीनं तो बॉक्स उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या घरी सगळ्यांची बोटं शाबूत आहेत ना? मग तुम्हीच खा."

तेव्हापासून सोसायटीत ती खडूस म्हणून ओळखली जायची. आत्मारामकाका देवमाणूस आणि काकी खडूस. सुरुचीला त्याचं वाईट वाटत नसे. देवमाणूस होणं सोपं असतं, असं ती म्हणायची. त्याला फक्त समोरच्यानं दिलेलं गिळावं लागतं.

तर अशा या बाईच्या दारात ते पिल्लू आलं. गेटवर असायची त्या तांबड्या कुत्रीला घोडबंदरच्या बाजूला हायवेवर गाडीनं उडवलं. तिची तीन पिल्लं होती. एक वॉचमन त्याच्या घरी काशीगावला घेऊन गेला, एक मेलं, आणि उरलेलं धडपडत बी विंगच्या जिन्याखाली येऊन बसलं. तळमजल्यावर जिन्याला लागून दार होतं ते शिगवणांचं. पिल्लू मुठीएवढं नव्हतं पण फार मोठंही नव्हतं. दात नुकते आलेले, पाय अंगापेक्षा मोठे, पोटाला अजून आईची सवय.

दोन दिवसांत सगळ्या विंगला दयेचा उमाळा आला. दुसऱ्या मजल्यावरची हेमाली वाडग्यात थंडगार दूध घेऊन उतरू लागली आणि त्यात ग्लुकोजची बिस्किटं कुस्करू लागली. चौथ्या मजल्यावरची रीमा, जी सकाळी जिमला जायची आणि दिवसभर त्याबद्दल बोलायची, तिनं पिल्लाला प्रोटीन हवं असं जाहीर करून कच्ची अंडी फोडायला सुरुवात केली. अंडं फोडताना एका हातात मोबाइल धरून त्याचा व्हिडिओही काढायची. गुणवंत रविवारी जिलेबी-फाफडा आणायचा, त्यातली जिलेबी पिल्लाला मिळू लागली. आणि कोणीतरी, ज्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही, रात्रीची उरलेली बिर्याणी हाडांसकट कागदावर ठेवून जायचं. त्यात लाल तेल आणि तळलेला कांदा. प्रत्येकानं त्याला आपापलं नावही दिलं होतं. हेमाली त्याला कुकी म्हणायची, रीमा ब्रूनो म्हणायची, गुणवंत टायगर. आत्माराम बाकावर बसून त्याला 'बाबू' अशी हाक मारायचा. सुरुची त्याला काहीच म्हणत नसे. तिला ते दिसायचं ते सकाळी, केंद्रावर निघताना, आणि तेही त्यानं मागे ठेवलेल्या खुणांच्या रूपानं.

कारण इतकं सगळं आत गेल्यावर ते बाहेर येणारच होतं. पिवळं, पातळ, जिन्यापासून शिगवणांच्या उंबऱ्यापर्यंत. खायला घालायला चार मजले खाली उतरत होते. फिनेल घेऊन एकटी सुरुची उतरत होती. तिला तर उतरावंही लागत नव्हतं. दार उघडलं की झालं.

एकदा तिनं हेमालीला वाडग्यासकट गाठलं. हेमाली म्हणाली, "आंटी, बेचारे की माँ नहीं है ना. मुझे इतना तरस आता है."

"तरस आता है तो पोछा भी लेके आओ," सुरुची म्हणाली.

हेमाली हसली. तिला तो विनोद वाटला. सुरुचीचं हिंदी ऐकून पुष्कळांना ती विनोद करतेय असं वाटायचं.

मग एका सकाळी पिल्लू उठलंच नाही. पोट ढोलासारखं ताणलेलं, त्याखाली पाय काड्यांसारखे. मागचं अंग माखलेलं, त्यात लाल झाक. नाक कोरडं. दुधाचं वाडगं शेजारी तसंच, त्यावर मुंग्या. केंद्राला सुट्टी होती म्हणून सुरुची घरी होती. तिनं आधी वर जाऊन रीमाची बेल वाजवली. रीमा दारातूनच म्हणाली की तिला हे बघवत नाही, ती खूप सेन्सिटिव्ह आहे. हेमालीची ऑफिसची मीटिंग चालू होती. तिनं कानातली वस्तू न काढता हातानं खूण केली. गुणवंत म्हणाला, निसर्गाचा नियम आहे, आपण काय करणार. तोवर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिल्लाचा फोटो आला होता आणि त्याखाली रडणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. आत्मारामनं ती तिला दाखवली. तिनं बघितली आणि म्हणाली, "छान. आता एवढ्यांपैकी रिक्षात कोण बसतंय ते विचारा."

कोणी बसलं नाही. ती स्वतःच बसली, मांडीवर जुन्या साडीत गुंडाळलेलं पिल्लू आणि शेजारी आत्माराम, ज्याला तिनं येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

काशिमिऱ्याच्या पलीकडे जनावरांचा एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर मृणालिनी या चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पिल्लाचं पोट दाबलं, हिरड्या बघितल्या, पातळ शीचा नमुना काचेवर घेऊन तपासला आणि मग विचारलं, काय खातो? सुरुचीनं सांगायला सुरुवात केली. दूध, बिस्किटं, कच्चं अंडं, जिलेबी, बिर्याणी. डॉक्टरांची नजर हळूहळू तिच्यावर स्थिरावली.

"तुम्ही शिकलेल्या दिसता," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं एका पिल्लाच्या पोटात घालताना काहीच वाटलं नाही?"

सुरुचीच्या आयुष्यात तिला पुष्कळ अपमान गिळावे लागले होते, पण हा गिळणं सगळ्यांत अवघड गेलं. ज्यांच्या नावानं ती बोटं मोडत होती त्या सगळ्यांच्या वतीनं ती एकटी तिथे उभी होती. मी नाही घातलं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. ते म्हटलं असतं तर ती रीमासारखी दिसली असती.

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, सलाईन लावलं, सुदैवानं तो मोठा आजार नाही असं सांगितलं. गाईम्हशीचं दूध या पिल्लांना पचत नाही, ते बंद. बिस्किटं, गोड, तेल, मीठ, मसाला बंद. कांदा-लसूण तर विषच. शिजवलेलं हाड आतडं फाडतं. आता काही दिवस मऊ भात, त्यात बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक करून, थोडं थोडं. पोट सावरलं की लस द्यायला आणा, मग पुढचं सांगते. पुढचं सांगते हे वाक्य सुरुचीच्या कानावरून गेलं. तिनं ऐकलं ते 'बंद' आणि 'थोडं'. हे दोन शब्द तिचे जुने ओळखीचे होते. पायाचं बोट काढल्यापासून तिचा सगळा संसार या दोन शब्दांवर चालला होता.

पिल्लू घरात आलं. तात्पुरतं, असं तिनं रिक्षातच आत्मारामला बजावलं होतं. बाल्कनीत खोक्यात गोणपाट घालून त्याची सोय झाली आणि सुरुची दारात उभी राहिली.

दयाळू मंडळी संध्याकाळी परत आली. हेमालीच्या हातात वाडगं होतं. सुरुचीनं ते तिच्या हातातून घेतलं, सगळ्यांसमोर मोरीत ओतलं, धुतलं आणि कोरडं करून परत दिलं. रीमा म्हणाली की एवढंसं दूध दिलं तर काय होतंय, तिनं नेटवर वाचलंय की प्रेमानं दिलेलं सगळं पचतं. सुरुचीनं तिला विचारलं की नेटवर फिनेलबद्दल काही लिहिलंय का. गुणवंत मागून मान उंचावत म्हणाला, "वहिनी, मुक्या जिवाला उपाशी ठेवणं हे पाप आहे. तुमचं मन दगडाचं आहे."

"असू दे," सुरुची म्हणाली. "दगडावर घाण पडली तर धुता येते. तुमच्या मनावर काय काय पडलंय ते तुम्हीच बघा."

त्या दिवसापासून दार बंद झालं. वर दोन दिवस तिच्या क्रूरपणाची चर्चा चालली आणि मग गणपतीच्या वर्गणीची सुरू झाली.

पिल्लाचं पोट खरंच सावरलं. शी बांधून होऊ लागली. ताण उतरला, नाक ओलं झालं. सुरुचीला त्याचा आनंद झाला असं म्हणता येणार नाही. तिला तो आपला विजय वाटला. बघा, म्हणाली, नको ते बंद केलं की कसं ताळ्यावर येतं. सकाळी केंद्रावर जाण्याआधी एक छोटी वाटी भात-चिकन, रात्री एक छोटी वाटी. अधेमधे पाणी. वाटी तीच, जिच्यानं ती आत्मारामचा भात मोजायची.

पण आता नवीन प्रकार सुरू झाला. पिल्लानं केरसुणी कुरतडली. मग रबरी चपलेचा पट्टा खाल्ला. परातीतून खाली सांडलेलं कोरडं पीठ ते फरशीवरून चाटून घ्यायचं आणि पांढऱ्या तोंडानं खोकायचं. वाटी रिकामी झाल्यावरही तिला तोंडानं ढकलत ढकलत सगळ्या घरातून न्यायचं, आणि ती भिंतीला अडली की तिथे बसून कुईं कुईं करायचं. सुरुचीच्या मते ही हाव होती. चार मजल्यांनी लावलेली सवय. रोज पाच हात पुढे येत होते ना, आता एक येतो. बसू दे रडत, विसरेल. "माणसांची सवय तुटत नाही, याची काय लगेच तुटणार," असं ती आत्मारामकडे न बघता म्हणायची.

एक दिवस केंद्रावरचं काम लवकर आटपलं आणि ती जेवणाच्या वेळेलाच घरी आली. आत्माराम स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. समोर त्याचं ताट, तिनं सकाळी झाकून ठेवलेलं: एक भाकरी, मेथीची भाजी, वरण, ताक. त्यातली अर्धी भाकरी त्यानं वरणात कालवली होती आणि पिल्लू ती ताटातूनच खात होतं, इतक्या घाईनं की त्याचे कान वरणात बुडत होते. आत्माराम उरलेल्या अर्ध्या भाकरीवर जेवण संपवत होता.

सुरुचीचा संताप झाला. वरणात मीठ होतं, फोडणीत लसूण होता. तिनं ताट उचललं. पिल्लू ताटाबरोबर दोन पावलं धावलं आणि तिच्या पायावर आदळून पडलं. ती जे बोलली ते बरंच होतं. म्हणाली की बाकावर बसून बसून तुम्हीही त्यांच्यातलेच झालात. एकानं काय होतंय म्हणणारे. तुमचं बोट गेलं तेव्हा कोण धावलं? मी. याचं पोट फुगलं तेव्हा कोण धावलं? मी. घालणाऱ्यांचं काय जातं, घालून मोकळे होतात. मला निस्तरावं लागतं. आणि अर्धी भाकरी खाऊन साखर खाली गेली, चक्कर येऊन पडलात, तर तेही मीच.

आत्माराम तिचं बोलणं संपेपर्यंत थांबला. तो भांडणारा माणूस नव्हता. भांडण सुरू झालं की तो चप्पल घालून बाकावर जायचा. त्या दिवशी गेला नाही. पिल्लाचं तोंड आपल्या पंच्यानं पुसत म्हणाला, "लसणाचं चुकलं माझं. पण त्याला भूक लागते गं, सुरुची. तुला आता भूक दिसत नाही, नुसतं खाणं दिसतं."

"मला सगळं दिसतं."

"नाही दिसत," तो म्हणाला. "मला वर्षभर लागलीय. तुला दिसली?"

एवढंच बोलून तो हात धुवायला उठला. सुरुची ताट हातात धरून उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं ठरवलं की हे सगळं बाकावरच्या लोकांचं शिकवणं आहे. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

मग लसीची वेळ आली. या वेळी ती एकटीच पिल्लाला घेऊन गेली, आणि खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेली. डॉक्टरांना सांगितलं की दूध बंद, बिस्किट बंद, सगळं बंद, पोट अगदी घट्ट आहे. डॉक्टरांनी पिल्लाला काट्यावर ठेवलं. मग दोन्ही हातांची बोटं त्याच्या फासळ्यांवरून फिरवली. मग सुरुचीचा हात धरून तिथे ठेवला.

"मोजता येतात?"

येत होत्या. एकेक.

"हात फिरवला तर फासळ्या लागायला हव्यात, पण वरून दिसायला नकोत. या लांबून दिसतायत. किती वेळा खातो?"

सुरुचीनं सांगितलं, दोन वेळा. वाटी केवढी तेही हातानं दाखवलं.

"हा काय डायबेटिसचा पेशंट आहे का?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, सहज बोलल्या. "आजारी होता तेव्हा थोडं म्हटलं होतं. आता तो वाढतोय. हाडं, दात, सगळं आत्ताच होणार. मोठ्या कुत्र्याला वजनाच्या मानानं लागतं त्याच्या दुप्पट याला लागतं. पण पोट एवढंसं, म्हणून एकदम नाही द्यायचं, दिवसातून चार वेळा द्यायचं. तीन महिन्यांचा झाला की तीन वेळा. सहा महिन्यांनंतर दोन. नुसत्या भातावर वाढणार नाही. चिकन जास्त, भात कमी, उकडलेलं अंडं, थोडा लाल भोपळा, गाजर. जमलं तर पिल्लांचं तयार खाणं आणा, पाण्यात भिजवून द्या. त्यात सगळं मापात असतं. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर उचलायचं. चाटूनपुसून खाल्लं आणि शी घट्ट असली तर पुढच्या वेळी थोडं वाढवायचं. पातळ झाली तर कमी करायचं. त्याच्याकडे बघून ठरवायचं, आपल्या मनानं नाही."

सुरुची परत येताना रिक्षात डॉक्टरांवर चरफडत होती. आधी बंद बंद म्हणायचं आणि मग उपाशी का ठेवलं म्हणून विचारायचं. हात धरून फासळ्या काय मोजायला लावायच्या. मोठ्या आल्या. पिल्लू तिच्या मांडीवर तिच्या बोटाला लागलेलं पीठ चाटत होतं. पीठ कधीच संपलं होतं. ते नखाच्या कडेनं चाटत राहिलं. काशिमिऱ्याच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ उभी होती. तिनं आणखी एकदा त्याच्या बरगडीवरून हात फिरवला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, वाटेत चिकनच्या दुकानापाशी थांबव.

घरात आता चार जेवणं सुरू झाली. पहाटेचं ती घालायची, संध्याकाळचं आणि रात्रीचंही तीच. दुपारचं आत्मारामकडे आलं, कारण तेव्हा ती केंद्रावर असायची. तिनं त्याला ते सोपवताना पुरेसं घालूनपाडून बोलून घेतलं: लसूण नाही, मीठ नाही, तुमच्या ताटातलं नाही, आणि बाकावरच्या कोणाला घरात घ्यायचं नाही. आत्माराम हो म्हणाला. दुपारच्या खाण्यापायी त्याला बाकावरून उठून घरी यावं लागे, आणि पिल्लाला मग बाहेर न्यावं लागे, म्हणून चालणंही होई. त्याच्या साखरेच्या डॉक्टरांनी गेली दोन वर्षं जे चालायला सांगितलं होतं ते एका कुत्र्यानं पंधरवड्यात करून घेतलं. सुरुची यावर म्हणाली की डॉक्टरनं शेपटी हलवली असती तर तुम्ही आधीच चालला असता.

आणि एक गोष्ट तिनं न बोलता केली. आत्मारामला घेऊन ती त्याच्या डॉक्टरांकडे गेली आणि बाहेर बसा म्हणून त्याला बाकड्यावर बसवून आत एकटीच काहीतरी विचारून आली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात मटकीची उसळ मोठ्या वाटीनं आली, दोन उकडलेली अंडी आली, काकडीची कोशिंबीर ताटभर आली. भात मात्र त्याच छोट्या वाटीनं. आत्माराम ताटाकडे बघत बसला.

"काय बघताय?" ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले चालतं."

तो जेवला. जेवताना ती समोर बसली, जे ती फार दिवसांत करत नव्हती. शेवटी त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, भरलं का पोट. तो म्हणाला, भरलं. ते खरं होतं की तिच्यासाठी म्हटलेलं होतं हे तिनं तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी उसळ आणखी एक डाव जास्त पडली.

पिल्लू फुललं. फासळ्या झाकल्या गेल्या, तांबडी लव चकाकू लागली, पायांना अंग शोभू लागलं. ते दोरी बांधून आत्मारामबरोबर आवारात दिसायला लागलं तशी दयाळू मंडळी पुन्हा जमली. रीमानं त्याचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं की प्रेमानं सगळं शक्य असतं. हेमालीनं आत्मारामला सांगितलं, सुरुवातीला चांगलं दूध मिळालं ना, त्याचा पाया पक्का झाला. गुणवंतनं टायगरला गेटवर बांधावं अशी सूचना केली. सोसायटीचा कुत्रा म्हणजे सोसायटीचाच. सुरुचीनं त्याला विचारलं की सोसायटी त्याची शी कोणत्या दिवशी उचलणार ते कळवा, मग बघू. ती सूचना तिथेच राहिली.

मग दसऱ्याच्या आधीच्या रविवारी हेमाली आपल्या भावाला, मितेशला, घेऊन आली. बोरिवलीला राहायचा, नवीन लग्न झालेलं. हेमालीनं त्याला सांगितलं होतं की एक फर्स्टक्लास हेल्दी पपी आहे, खालच्या आंटींनी तात्पुरता ठेवलाय. सुरुचीनं तात्पुरता म्हटलं होतं हे खरंच होतं; सगळ्या विंगला तिनं ते ऐकवलं होतं. मितेश सज्जन पोरगा होता. चप्पल बाहेर काढून आला, पिल्लाला जपून उचललं, पिल्लानं त्याचा कान चावला तरी हसला. आत्माराम बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागला. त्या कुंड्यांना सकाळीच पाणी घातलं होतं.

"आंटी, इसका खाना-पीना क्या रहता है?" मितेशनं विचारलं.

सुरुचीनं पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. दिवसातून सहा वेळा. सहा म्हणजे सहा; पहाटे पाचला पहिलं. चिकन रोज ताजं, घरातच उकडायचं, हाडावरून सोलायचं, बोटानं बारीक करायचं; मिक्सर नाही चालत. ते भांडं वेगळं. भोपळा किसून. अंडं उकडून, साल काढून. खाल्ल्यावर बाहेर न्यायचं, म्हणजे सहा वेळा न्यायचं. प्रत्येक वेळी शी बघायची, घट्ट आहे की पातळ, बघून पुढच्या वेळचं ठरवायचं. हातानं दाबून बघितलं तर उत्तम. कांद्याचा तुकडा जरी जमिनीवर पडला तरी घर पुसून काढायचं. पाहुण्यांनी घातलं तर पाहुण्यांना बंद करायचं. आईवडिलांनी घातलं तर त्यांनाही.

मितेशच्या घरी कांदासुद्धा येत नव्हता, चिकन तर दूरच. तो ऐकत होता तसा पिल्लाला हळूहळू खाली ठेवत होता. शेवटी म्हणाला की मम्मीला विचारून सांगतो, आणि हेमालीला खुणेनं उठवून निघाला. हेमाली जाताना म्हणाली, "आंटी, आप कितना स्ट्रिक्ट हो."

"हाँ," सुरुची म्हणाली. "मैं तो पत्थर है ना."

दार लागलं. आत्माराम बाल्कनीतून आत आला, हातातला तांब्या रिकामा.

"सहा वेळा?" त्यानं विचारलं. "आपण चार वेळा घालतो ना?"

"चार सांगितलं असतं तर नेलं असतं त्यानं," सुरुची म्हणाली. "आणि घरी नेऊन थेपला घातला असता. ओळखते मी या लोकांना." मग घड्याळाकडे बघून ती त्याच्यावरच उखडली, "बघत काय उभे राहिलात? संध्याकाळचं झालं नाही अजून त्याचं. भांडं आणा."